हाक पोहोचत नाही तेव्हा

वसुबारसेच्या आदल्या दिवशीची सकाळ. पुण्याच्या वेताळ टेकडीवर नेहमीची वर्दळ सुरू झाली आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. कोणी भरभर चालत आहे, कोणी जुन्या दगडखाणीच्या काठाशी उभे राहून उजाडताना पाहत आहे, झुडपांतून मोरांचे केकारव येत आहेत. सत्तरीला टेकलेले एक आजोबा घरच्या मोतीला घेऊन वर आले आहेत. मोती पाच वर्षांचा. टेकडीचा माथा आला की त्याची दोरी सोडायची, हा चार वर्षांचा परिपाठ. मोती धावतो, गवत हुंगतो, ओळखीच्या माणसांपुढे शेपूट हलवतो आणि ‘मोती, चल’ म्हणताच परत येतो. या नियमाला आजवर एकदाही खंड पडलेला नाही. दिवाळी सुरू व्हायची आहे, फटाके उद्यापासून वाजतील, अशा हिशेबाने आजोबांनी आजही दोरी सोडली आहे.

इतक्यात पायथ्याच्या वस्तीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावतो. मोती जागच्या जागी थिजतो. कान मागे, शेपूट पोटाखाली. आजोबा हाक मारतात. तोच दुसरा आवाज होतो, खाणीच्या कातळावर आदळून भलत्याच दिशेने परत येतो आणि मोती सुसाट धावत सुटतो. आजोबांकडे नव्हे, घराच्या वाटेकडे नव्हे, तर समोर मोकळे दिसेल तिकडे. पाषाणच्या उताराकडील झाडीत तो दिसेनासा होतो. आजोबांच्या हातात दोरी राहते.

मोती आणि आजोबा कल्पनेतले आहेत, प्रसंग मात्र कल्पनेतला नाही. दिवाळीच्या दिवसांत विजेच्या खांबांवर आणि भ्रमणध्वनीवर ‘हरवला आहे’ अशा मथळ्याखाली जी छायाचित्रे झळकतात, त्यांतील कितीतरी छायाचित्रांमागे अशीच एक सकाळ असते. अशा प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जातो: इतका शहाणा कुत्रा, हाकेला आला कसा नाही? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर पुढच्या पुष्कळ चुका टळतात.

हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना, भूक, भय आणि संताप यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांचे विवेचन केले. लढावे किंवा पळावे अशा दोनच वाटा शरीर त्या क्षणी खुल्या ठेवते, हा विचार त्यांच्याच संशोधनातून रूढ झाला. भयाची जाणीव होताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदयाची गती वाढते, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. मनुष्य असो वा श्वान, ही यंत्रणा एकच. तिचे काम जीव वाचवणे हे आहे, आणि त्या कामात शिकवलेले शब्द, मिळणारा खाऊ, मालकाविषयीचे प्रेम यांपैकी कशालाही तूर्त स्थान नसते. मोतीने आजोबांची आज्ञा मोडली, असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. हाक कानावर पडली, पण जिथे पोहोचायला हवी तिथे पोहोचली नाही.

त्यातही श्वानाचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. मनुष्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर श्वानाची मर्यादा ४०,००० हर्ट्झच्याही पलीकडे जाते. शिवाय एक फरक सहसा लक्षात येत नाही. फटाका लावणारा मुलगा आपल्याला दिसतो, पेटलेली वात दिसते, उद्या दिवाळी आहे हे ठाऊक असते, म्हणून कानठळ्या बसल्या तरी आपण पळत नाही. श्वानाला यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने आकाश अकस्मात फुटते आणि कोणत्या दिशेने फुटले हेही कळत नाही.

हे भय अपवादात्मक आहे, असेही नाही. फिनलंडमधील संशोधकांनी १३,७०० पाळीव श्वानांविषयी मालकांकडून माहिती घेऊन २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे ३२ टक्के श्वानांमध्ये मोठ्या आवाजांची भीती आढळली. भित्रेपणाच्या सर्व प्रकारांत हाच प्रकार सर्वाधिक होता. म्हणजे टेकडीवर दिसणाऱ्या दर तीन श्वानांपैकी साधारण एकाच्या बाबतीत ही शक्यता गृहीत धरण्यास हरकत नाही. आपल्याकडे तर आवाजांना ऋतूही पुरत नाहीत. वळवाच्या पावसाची गडगडाट, गणपतीच्या मिरवणुकीतील ढोल-ताशे, लग्नाच्या वरातीतील माळ, क्रिकेटचा सामना जिंकल्यावर मध्यरात्री उडणारे बार, रस्त्यालगत फुटणारे टायर, डोंगर फोडण्यासाठी लावलेले सुरुंग. दिवाळी हे त्या वर्षभराच्या यादीतील सर्वांत मोठे नाव, इतकेच.

भीती आधी कळत नाही, असेही क्वचितच घडते. गेल्या दिवाळीत मोती दोन दिवस दिवाणाखाली बसून होता. घरचे हसले होते. गेल्या पावसाळ्यापासून तो जिना चढताना मध्येच थबकत असे. ‘वय झालं’ म्हणून तेही सोडून दिले गेले. वास्तविक या दोन गोष्टींचा परस्परसंबंध असू शकतो. ब्रिटन आणि ब्राझीलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात असे दिसून आले की, काही श्वानांमध्ये आवाजाची भीती सांधे वा स्नायूंच्या वेदनेशी निगडित असते. आवाजाने दचकून अंग आखडते, आखडलेल्या अंगात कळ येते आणि पुढे आवाज म्हणजे कळ असे समीकरण मनात पक्के होते, असा त्यामागचा तर्क. आधी न घाबरणारा श्वान मधल्या वयात एकाएकी आवाजांना घाबरू लागला, तर त्याची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, हा त्यातील व्यवहार्य बोध. जांभया, लाळ गळणे, ओठ चाटणे, धाप, थरथर, आवडता खाऊही नाकारणे, ही सारी भीतीचीच भाषा आहे. टेकडीवर एरवी खाऊसाठी उड्या मारणारा कुत्रा खाऊकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर त्याच क्षणी दोरी अडकवावी. पहिला आवाज त्याने सोसला, याचा अर्थ दुसराही तो सोसेल, असा नाही. भय साठत जाते. सकाळी दूरवर झालेला एक बार, वाटेत भुंकलेले दोन कुत्रे, आणि मग तिसऱ्या कारणाने बांध फुटतो.

आता पुन्हा टेकडीकडे. मोती झाडीत शिरताच आजोबा सर्व शक्तीनिशी हाका मारू लागतात. व्यायामासाठी आलेली सहा-सात तरुण मुले मदतीला धावतात. ‘तिकडे गेला, तिकडे!’ असा गलका करीत ती उतारावर पसरतात. हेतू शंभर नंबरी, परिणाम नेमका उलटा. घाबरून पळणाऱ्या प्राण्याच्या मागे कोणी धावले की त्याच्या लेखी तो पाठलागच असतो. ओरडणारा आवाज ओळखीचा असला तरी त्यातील घबराट त्याला कळते. पाठीमागे धावणाऱ्यांनी मोतीला टेकडीवरून खाली आणि खालून मोठ्या रस्त्याकडे ढकलले, असेच म्हणावे लागेल.

अशा क्षणी करायचे असते ते सारे मनाच्या ओढीविरुद्ध. कुत्रा नजरेच्या टप्प्यात असेल तर धावू नये. खाली बसावे, अंग तिरके ठेवावे, नजर रोखू नये आणि घरात बोलतो तसे हळू आवाजात बोलत राहावे. तो थांबून पाहत असेल, तर उलट आपणच दोन पावले त्याच्यापासून दूर जावीत. पुष्कळदा तो मागे येतो. दिसेनासा झाला, तर निदान एका माणसाने तिथेच थांबावे. भीती ओसरल्यावर जिथून पळाला तिथेच परत येणारे श्वान कमी नाहीत. तिथे कोणीच नसेल तर अंगातला वापरलेला सदरा किंवा त्याचे अंथरूण ठेवावे. वासाइतका भरवसा त्याला दुसऱ्या कशाचाही नसतो.

आपल्या शहरांत पळालेल्या कुत्र्याची एक अधिकची अडचण असते आणि परदेशी पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा नसतो. येथील प्रत्येक गल्लीवर भटक्या कुत्र्यांच्या एखाद्या टोळीची हद्द असते. परका कुत्रा शिरताच टोळी त्याला हद्दीबाहेर हाकलते, ती हद्द संपते तिथे दुसरी सुरू होते. आवाजाला भ्यालेला मोती दोनशे पावलांवर कदाचित थांबलाही असता. पण एका गल्लीतून दुसरीत असा तो हाकलला जातो आणि तासाभरात घरापासून अशा ठिकाणी पोहोचतो, जिथला एकही वास त्याच्या ओळखीचा नाही. वाटेत रस्ते आहेत, आणि भ्यालेला प्राणी रस्ता ओलांडताना डावीउजवीकडे पाहत नाही. अशा वेळी जीव जाण्याचे सर्वांत मोठे कारण वाहन हेच असते.

आजोबा नऊ वाजता घरी येतात तेव्हा घरातले सारे दारातच उभे असतात.

“आजोबा, तुम्ही दोरी सोडलीतच कशाला?” नातवाचा गळा दाटून आला आहे.

“बाबा, दहादा सांगितलं होतं मी तुम्हाला,” मुलगा म्हणतो.

आजोबा काहीच बोलत नाहीत. त्यांच्या हातातली दोरी अजून खाली ठेवलेली नाही. स्वयंपाकघरातून आलेली सून त्यांच्या हातातून ती हळूच काढून घेते आणि विचारते, “ते आता राहू द्या. त्याचा अलीकडचा फोटो कोणाकडे आहे?”

अशा प्रसंगी घरातला सर्वांत उपयोगी माणूस कोण, ते या एका प्रश्नावरून समजते. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्यात पहिले काही तास निघून जातात आणि तेच तास शोधासाठी मोलाचे असतात. शिवाय ज्याच्या हातून दोरी सुटली, त्याला त्या दिवशी दुसऱ्या कोणी शिक्षा देण्याची गरज नसते.

शोधाचीही एक रीत आहे. पत्रकावर एकच मोठे, स्पष्ट छायाचित्र असावे, दोन ओळी आणि दूरध्वनी क्रमांक. त्याखाली ठळक अक्षरांत लिहावे: ‘दिसल्यास हाका मारू नका, पाठलाग करू नका, फोन करा.’ पत्रके सर्वप्रथम द्यावीत ती पहाटे रस्त्यावर असणाऱ्यांना: दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, सफाई कामगार, सोसायट्यांचे रखवालदार, चहाच्या टपऱ्या, रिक्षाथांबे. भ्यालेला कुत्रा दिवसा दडून बसतो आणि वर्दळ शमल्यावर, रात्री उशिरा किंवा पहाटे, अन्नपाण्यासाठी बाहेर पडतो. त्यामुळे त्याला पाहण्याची शक्यता याच मंडळींची अधिक. जवळपासचे पशुवैद्य, प्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्था आणि महापालिकेचा संबंधित विभाग यांना कळवावे. जिथे दिसल्याचे कळेल, ती जागा आणि वेळ कागदावर टिपून ठेवावी. तीन-चार नोंदी झाल्या की त्याच्या फिरण्याचा माग लागतो.

बक्षिसाचा मोठा आकडा जाहीर करण्याचा मोह आवरावा. बक्षिसासाठी दहा जण त्याच्यामागे धावू लागतील आणि तो आणखी दूर जाईल. आणखी एक सावधगिरी आवश्यक. ‘कुत्रा आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा,’ असे फोन हमखास येतात. दुःखी माणूस फसवायला सोपा असतो, हे फसवणाऱ्यांना पक्के माहीत असते. म्हणून श्वानाची एखादी खूण पत्रकात मुद्दाम लिहू नये, आणि फोन करणाऱ्याला तीच विचारावी. ताजे छायाचित्र मागावे. कुत्रा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये आणि फोनवर आलेला कोणताही सांकेतिक क्रमांक कोणाला सांगू नये.

आता प्रश्न दोरीचा. मोकळे सोडणे हे प्रेम आणि बांधणे ही क्रूरता, अशी एक भाबडी समजूत पुष्कळांच्या मनात असते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा या बाबतीत फार समतोल आहे. त्याच्या ११ व्या कलमानुसार जनावरास अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या श्वानाला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हाच आहे. म्हणजे फिरायला नेणे ही मालकाने केलेली मेहेरबानी नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवाला किंवा शरीराला संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भ्यालेला कुत्रा वाटेत आलेल्या लहान मुलाला पाडू शकतो, दुचाकीस्वाराचा तोल घालवू शकतो, कोपऱ्यात सापडल्यास चावूही शकतो. टेकडीवरील मोरांचाही विचार करायला हवा. लांडोर जमिनीवरच अंडी घालते, आणि मोकळा सुटलेला कुत्रा हे तिच्यासाठी तसेच भय आहे, जसा मोतीसाठी सुतळी बॉम्ब.

फटाक्यांविषयीही नियम आहेत. फुटल्याच्या जागेपासून चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांवर १९९९ पासून बंदी आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके वाजवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, तर २०१८ च्या आदेशात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. तरीही अभ्यंगस्नानाआधीचा पहिला बार आपल्याच आळीत वाजावा, ही हौस कमी झालेली नाही. नियमाची अंमलबजावणी आपल्या हाती नाही. दोरी मात्र आपल्याच हाती आहे.

‘आजवर एकदाही चुकला नाही,’ हे वाक्य आजोबा त्या आठवड्यात अनेकांना सांगतात. ते खरेही आहे. पण चार वर्षांत हजार वेळा परत आलेला मोती हा न भ्यालेला मोती होता. भ्यालेल्या मोतीची परीक्षा त्या सकाळी प्रथमच झाली. ज्या कर्जदाराने शंभर हप्ते वेळेवर भरले, त्याच्या घरी पूर आल्यावर काय होईल, हे त्या शंभर हप्त्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठीच विमा असतो, आणि विमा उतरवला म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवला, असे कोणी म्हणत नाही.

हा विमा महागही नाही. नुसत्या गळपट्ट्यापेक्षा छातीभोवती बसणारा हार्नेस बरा. भ्यालेला कुत्रा मागे रेटा देतो आणि गळपट्टा डोक्यावरून निघून जातो. आपल्या कारवान किंवा मुधोळ जातीच्या श्वानांचे डोके निमुळते असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय श्वानांवर चार तिकिटे काढली, त्यांतील मुधोळचे चित्र पाहिले तरी ही ठेवण ध्यानात येते. फटाक्यांच्या दिवसांत हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घालून दोन्हींना दोरी अडकवावी. मोकळे फिरण्याचा आनंद द्यायचाच असेल तर तीस फुटी हलकी दोरी मिळते. ती हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावावी, गळपट्ट्याला कधीही नाही, कारण धावत्या कुत्र्याच्या मानेला बसलेला झटका इजा करू शकतो. कुत्रा धावतो, हुंगतो, वळतो. दुसरे टोक आपल्या हातात असते.

गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. खांद्यांच्या मधोमध त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवता येते. तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो आणि तो यंत्राने वाचता येतो. मात्र ती चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, तो कोणाचा आहे एवढेच सांगते. तेही आपला पत्ता आणि क्रमांक नोंदवहीत अद्ययावत असेल तरच.

दिवाळीच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस, निदान तुळशीच्या लग्नापर्यंत, श्वानाला मोकळे सोडूच नये. फिरणे दुपारी किंवा ऊन कलण्यापूर्वी आटोपावे. संध्याकाळी घरातली आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा रेडिओ सुरू. त्याला कपाटाआड बसायचे असेल तर बसू द्यावे. जवळ घेऊन थोपटले तर भीती वाढते, हा समज निराधार आहे. भय ही काही लाडाने लागणारी सवय नव्हे. फटाक्यांच्या ध्वनिमुद्रणाचा अगदी बारीक आवाज ऐकवत, सोबत आवडता खाऊ देत, त्याला हळूहळू सरावाचे करता येते. पण हे काम श्रावणात सुरू करायचे असते, धनत्रयोदशीला नव्हे. भीती तीव्र असेल तर पशुवैद्य औषध देतात. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

तिसऱ्या पहाटे मोतीच्या घरी फोन येतो. एका दूधवाल्याने बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाआड तपकिरी कुत्रा पाहिला आहे. नातू यायला निघतो, पण सून त्याला थांबवते. आजोबा आणि मुलगा दोघेच जातात. मुलगा वळणावर थांबतो. आजोबा तीस पावलांवर जमिनीवर बसतात, पाठ अर्धी वळवतात, डबा उघडतात आणि दूध-भाकरी कुस्करू लागतात. घरात रोज कुस्करताना जे पुटपुटतात, तेच पुटपुटत. मोती पाहतो आणि ओळख दाखवत नाही. आजोबांना हे अपेक्षित नव्हते. त्यांचे डोळे भरून येतात, पण हात कुस्करत राहतो. वारा वळतो. मोती नाक वर करतो. पाऊल, मग थांबणे, मग पुन्हा पाऊल. वीस-पंचवीस मिनिटांनी तो पोटावर सरपटत येऊन आजोबांच्या मांडीला नाक लावतो. आजोबा झडप घालत नाहीत. आधी दोरी अडकवतात, मग हात फिरवतात.

पशुवैद्यांकडे तळपायांची कातडी सोललेली दिसते आणि मागच्या पायावर दुसऱ्या कुत्र्याच्या दातांची खूण. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली जाते, रेबीजची लस पुन्हा दिली जाते. पुढच्या तपासणीत खुब्याचा सांधा दुखरा असल्याचेही आढळते. जिन्यावर थबकणे वयाचे नव्हते. त्या वर्षी घरात भुईनळे आणि फुलबाज्या यांवरच भागते. तसा नियम कोणी केलेला नसतो. नातूच बाकीची यादी फाडून टाकतो.

तुळशीचे लग्न उरकल्यावर एका सकाळी आजोबा आणि मोती पुन्हा टेकडीवर दिसतात. नवा हार्नेस, तीस फुटी दोरी. नेहमीचे एक गृहस्थ थांबून विचारतात, “अहो, इतका शहाणा कुत्रा तुमचा. ही एवढी दोरी कशाला?”

“शहाणा आहेच,” आजोबा म्हणतात, “पण तो घाबरतो, हे आता मला ठाऊक झालं आहे.”

एवढ्यात खाणीच्या बाजूने मोर केकाटतो. मोती दचकतो, उताराकडे धाव घेतो, दोरी संपते तिथे थांबतो. आजोबा हाक मारत नाहीत. उभे राहतात. थोड्या वेळाने मोती मागे वळून पाहतो, आणि दोरी सैल होत होत त्यांच्याकडे परत येते.